नव्या अभियंत्याचे वेतन आणि बापाचे कर्ज

(सायखेडा, तालुका निफाड, येथे कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सायखेड्यात कांद्याचा आणि द्राक्षाचा भाव लहान पोरालाही तोंडपाठ असतो. लासलगावला उन्हाळ कांदा काय भावाने गेला, व्यापाऱ्याने द्राक्षाच्या पेटीला किती दिले, याची चर्चा सकाळचा पहिला चहा संपण्याआधीच होऊन जाते. परंतु याच गावातून आणि चांदोरी, शिंगवे, करंजगाव, भेंडाळी या आसपासच्या गावांतून दरवर्षी जी मुले-मुली अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडतात, त्यांच्या श्रमाचा बाजारभाव काय आहे, हे मात्र कोणी चारचौघांत बोलत नाही. ‘मुलगा पुण्याला कंपनीत आहे’ एवढ्यावर विषय संपतो. कंपनीत म्हणजे कोणाच्या पगारपत्रकावर, किती वेतनावर, किती महिन्यांसाठी, हे विचारणे असभ्यपणाचे मानले जाते. या मौनामुळेच एका मोठ्या आर्थिक प्रश्नाला राजकीय प्रश्नाचे रूप येत नाही. ज्या घराने चार वर्षांत सहा-सात लाख रुपये घातले, त्याला आपली फसगत ही आपल्याच मुलाची नालायकी वाटते, आणि लाजेने माणसे गप्प बसतात.

हा प्रश्न निर्माण कसा झाला हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९८३ पूर्वी नाशिक जिल्ह्यातील मुलाला अभियंता व्हायचे तर पुणे, मुंबई, सांगली, कऱ्हाड किंवा औरंगाबाद गाठावे लागे. जागा थोड्या, आणि त्यांतल्या बहुतेक शहरी, सुशिक्षित घरांच्या वाट्याला जात. ज्यांच्याजवळ पैसा होता ते कर्नाटकात देणगी भरून प्रवेश मिळवीत. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, नाशिकला कर्मवीर काकासाहेब वाघ यांच्या नावाचे महाविद्यालय सुरू झाले. काकासाहेब या निफाड तालुक्याचेच, सहकारी चळवळीतून पुढे आलेले. त्यामुळे उसाच्या आणि द्राक्षाच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या घरात पहिला अभियंता निर्माण झाला तो या धोरणामुळे, हे मान्य केले पाहिजे. त्या काळात अनेक समाजवादी मंडळींनी या निर्णयावर कडाडून टीका केली. शिक्षण विकाऊ होईल हा त्यांचा आक्षेप पुढे खरा ठरला. पण ज्या कुणब्याच्या पोराला सरकारी महाविद्यालयाचे दार कधी उघडलेच नव्हते, त्याला या टीकेत आपले काही दिसले नाही, हेही तितकेच खरे आहे.

दार उघडले ते पैशाच्या किल्लीने. १९८७ साली देणगीवर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने केला; सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली मोहिनी जैन, १९९३ साली उन्नीकृष्णन आणि २००२ साली टी. एम. ए. पै फाउंडेशन या खटल्यांत शिक्षणसंस्थांच्या फीविषयी वेगवेगळ्या भूमिका घेतल्या. या साऱ्या उलाढालीतून शेवटी उरले ते एवढेच, की नफेखोरी करू नये पण वाजवी शिल्लक राहिली तर हरकत नाही. वाजवी कशाला म्हणायचे हे ठरविणारी समिती बसते, संस्था आपला खर्च दाखवितात, आणि फी ठरते. महाराष्ट्र शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांना शिक्षणशुल्कात निम्मी सवलत दिली आणि २०२४ पासून त्याच उत्पन्नमर्यादेतील मुलींचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ केले. हे निर्णय स्वागतार्हच आहेत. मुलींच्या बाबतीत तर फार मोठे आहेत. ‘मुलाला इंजिनिअर करू, मुलीला बी.ए. करू’ हा घरातला जुना हिशेब त्यांनी मोडला. परंतु सवलतीचा पैसा संस्थेकडे जातो, आणि खोली, खाणावळ, एसटीचा पास, लॅपटॉप, परीक्षा यांचा खर्च घरानेच करायचा असतो.

आता एक साधा हिशेब मांडू. वर्षाची फी एक लाख आणि राहण्या-खाण्याचे ऐंशी हजार धरले, तर चार वर्षांत सात लाख वीस हजार होतात. त्यांतले चार लाख बँकेचे शैक्षणिक कर्ज आहे असे धरू. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, म्हणून बहुतेक घरे तेथेच थांबतात. उरलेले सोसायटीकडून, सोने गहाण ठेवून किंवा द्राक्षाच्या उचलीतून येतात. शिक्षण चालू असतानाचे व्याज शासनाने भरले असे उदारपणे मानले, आणि साडेदहा टक्के दराने सात वर्षांत फेड धरली, तरी महिन्याचा हप्ता सुमारे पावणेसात हजार रुपये येतो. हा आकडा ध्यानात ठेवावा.

पदवी घेऊन तो मुलगा सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत जातो. तेथे त्याला पुष्कळदा नोकरीऐवजी शिकाऊ उमेदवारी देऊ केली जाते. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. १९७३ मध्ये त्यात अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक यांचा समावेश झाला. हेतू चांगला होता. कारखान्याने एक वर्ष तरुणाला शिकवावे, मोबदल्यात त्याच्या हातचे थोडे काम घ्यावे. २०१९ च्या नियमांनी पदवीधर उमेदवाराचे किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये आणि पदविकाधारकाचे ८,००० रुपये ठरले, आणि केंद्राच्या योजनेखाली त्यांतला निम्मा भार सरकारने उचलावा अशी तरतूद आहे. म्हणजे मालकाला पदवीधर अभियंता साडेचार हजारांत महिनाभर मिळू शकतो. मुलाच्या हातात नऊ हजार पडतात. त्यातून पावणेसात हजारांचा हप्ता वजा केला तर उरतात सव्वादोन हजार. नाशिकला खोलीचे भाडेदेखील यात भागत नाही. २०२५ च्या मे महिन्यात मध्यवर्ती शिकाऊ उमेदवारी परिषदेने विद्यावेतनात छत्तीस टक्के वाढ करावी अशी शिफारस केली. ही वाढ पूर्णपणे पदरात पडली तरी पदवीधराचे विद्यावेतन बारा हजारांच्या थोडे वर जाईल.

विद्यावेतन कमी आहे एवढीच तक्रार असती तर ती सोसता आली असती. वकील आणि डॉक्टरही उमेदवारीच्या काळात कमीच मिळवतात. खरी मेख कायद्याच्या अठराव्या कलमात आहे. शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, तो प्रशिक्षणार्थी आहे, आणि कामगारविषयक कायदे त्याला लागू नाहीत, असे हे कलम सांगते. तीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्क्यांपर्यंत शिकाऊ उमेदवार घ्यावेत असा नियम आहे. चारशे माणसांच्या कारखान्यात साठ उमेदवार बसू शकतात. वर्ष संपले की हे साठ घरी जातात आणि नवे साठ येतात. त्यांना कायम करण्याचे बंधन मालकावर नाही. भरतीचे स्वतःचे धोरण मालकाने ठरवावे, एवढेच २०१४ च्या दुरुस्तीने म्हटले. जो यंत्रावर वर्षभर उत्पादन काढतो, ज्याच्या पाळीचा हिशेब उत्पादनाच्या नोंदवहीत असतो, तो शिकतो आहे की राबतो आहे, हे तपासायला कोणी येत नाही. ज्या कारखान्यात खरोखर शिकविले जाते तेथील उमेदवार पुढे चांगली नोकरी मिळवितात, आणि असे कारखाने नाशिकमध्ये आहेतही. तक्रार आहे ती शिकविण्याच्या नावाखाली चालणाऱ्या स्वस्त भरतीबद्दल.

महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये हीच कल्पना सरकारी कचेऱ्यांत आणली. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्यास सहा, आयटीआय किंवा पदविका झालेल्यास आठ आणि पदवीधरास दहा हजार रुपये दरमहा देऊन सहा महिने कार्यालयात बसविण्यात आले. पुढे ही मुदत अकरा महिन्यांपर्यंत वाढली. ग्रामपंचायतीत, पंचायत समितीत, शाळेत या मुलांनी कायम कर्मचाऱ्याचे काम केले. मुदत संपताच ती पुन्हा रस्त्यावर आली आणि मोर्चे काढू लागली. निवडणुकीच्या तोंडावर काढलेल्या योजनेला पुढचा विचार नसतो, याचे हे उदाहरण आहे.

आता पुण्याच्या संगणक कंपन्यांकडे वळू, कारण सायखेड्याच्या प्रत्येक बापाच्या डोळ्यांपुढे हिंजवडीच असते. मोठ्या भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांत नव्या अभियंत्याचे प्रारंभीचे वार्षिक वेतन सुमारे साडेतीन लाख रुपये आहे. पंधरा वर्षांपूर्वीही ते तीन-साडेतीन लाखांच्याच घरात होते. दरम्यान ग्राहक किमतींचा सरकारी निर्देशांक, २०१२ ला शंभर धरल्यास, २०२५ मध्ये १९० च्या वर गेला. म्हणजे आकडा तोच राहिला आणि त्या आकड्यात येणारे धान्य, भाडे आणि रेल्वेचे तिकीट निम्म्यावर आले. एखाद्या कापड गिरणीत कामगारांच्या वेतनात अशी निम्म्याने कपात झाली असती तर संप झाला असता. येथे कोणी वेतन कापल्याचे जाहीर केले नाही, कोणी संप केला नाही, आणि दरवर्षी नवी तुकडी त्याच वेतनावर आनंदाने पेढे वाटून रुजू झाली. या पंधरा वर्षांत या कंपन्यांचे नफे आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांची वेतने कोठल्या कोठे गेली हे त्यांच्या वार्षिक अहवालांतच छापलेले असते.

नोकऱ्यांची संख्याही पूर्वीसारखी वाढत नाही. २०२३-२४ या वर्षात टाटा कन्सल्टन्सीची मनुष्यसंख्या तेरा हजारांनी आणि इन्फोसिसची सुमारे सव्वीस हजारांनी घटली. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सीने आणखी सुमारे बारा हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. २०२२ साली निवड झालेली कित्येक मुले नियुक्तीपत्र हाती घेऊन दोन-दोन वर्षे घरी बसली, आणि त्यांतल्या काहींना फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हैसूरच्या प्रशिक्षण केंद्रातून अंतर्गत परीक्षेत नापास म्हणून घरी पाठविण्यात आले. ही संख्या तीनशेच्या वर होती. पुण्याच्या एका कर्मचारी संघटनेने केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार नेली तेव्हा कोठे हा विषय वर्तमानपत्रांत आला. ज्याला आजवर ‘व्हाइट कॉलर’ म्हणून वेगळा काढला जात होता, त्याला तक्रार न्यायला शेवटी श्रम खात्याचेच दार सापडले.

या साऱ्यावर उद्योगपतींचे एक ठरलेले उत्तर असते. नोकऱ्या आहेत, पण मुलांत कौशल्यच नाही, असे ते म्हणतात. २००५ साली मॅकिन्से या सल्लागार संस्थेने भारतातील चार अभियंत्यांपैकी एकच बहुराष्ट्रीय कंपनीत काम करण्यास योग्य असल्याचे सांगितले. पुढे अ‍ॅस्पायरिंग माइंड्स या संस्थेने ऐंशी टक्क्यांहून अधिक अभियंते आधुनिक उद्योगाच्या कामाचे नाहीत असा निष्कर्ष काढला. हे आकडे मंत्र्यांच्या भाषणांतून इतके फिरले की ते आता म्हणीसारखे झाले आहेत. मात्र दुसरी संस्था स्वतःच भरतीच्या चाचण्या विकण्याचा व्यवसाय करीत होती, आणि पहिलीचा मापदंड परदेशी कंपनीची गरज हा होता, हे सांगितले जात नाही.

ओझरचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना ओझरला आला आणि सोव्हिएत परवान्यावर तेथे मिग-२१ विमाने तयार होऊ लागली. त्या वेळी निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतल्या किती तरुणांनी जवळून विमान पाहिले होते? आयटीआय किंवा पदविका झालेली शेतकऱ्यांची पोरे त्या कारखान्यात शिरली. सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने, कारखान्याच्या खर्चाने त्यांना शिकविले गेले, आणि त्यांच्या हातून तयार झालेली विमाने भारतीय वायुदलाने वापरली. पुढे तेथे मिग-२७ आणि सुखोई-३० बनली. मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये वायुदलातून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओझरला तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१ ए विमानाने उड्डाण केले. १९६४ साली कोणी या पोरांना ‘नोकरीस अपात्र’ ठरवून परत पाठविले नाही. त्यांना पात्र करणे हे कारखान्याचेच काम आहे असे तेव्हा गृहीत धरले जात होते. सातपूरला पुढे आलेल्या मोठ्या खासगी कारखान्यांनीही आपापली प्रशिक्षण केंद्रे चालविली. म्हणजे कौशल्याचा खर्च तेव्हा उत्पादनखर्चाचा भाग होता. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत तो हळूहळू कुटुंबाच्या खर्चाचा भाग झाला आहे. मुलगा महाविद्यालयाची फी भरतो, वर पुण्याच्या डेक्कनवर किंवा नाशिकच्या कॉलेज रोडवर संगणकाच्या खासगी क्लासची फी भरतो, आणि काही ठिकाणी नोकरी लावून देणाऱ्या दलालाचीही फी भरतो. त्याच ओझरच्या कारखान्यात आता पदविकाधारकांसाठी चार वर्षांच्या मुदतीच्या जागांच्या जाहिराती निघतात.

याचा अर्थ मुलांची तयारी उत्तम आहे असा मुळीच नव्हे. पुष्कळ महाविद्यालयांत प्रयोगशाळेतली यंत्रे तपासणी समिती येते त्या दिवसापुरती पुसली जातात. अध्यापकांना महिनोन्महिने पगार मिळत नाही, मिळतो तो कागदावरच्यापेक्षा कमी असतो. असा अध्यापक काय आणि कशाच्या जोरावर शिकविणार? चार वर्षांत लेथवर एकदाही हात न ठेवलेला यंत्र अभियंता आणि सर्वेक्षणाचे यंत्र समोरच्या मुलाच्या खांद्यावरून पाहिलेला स्थापत्य अभियंता बाहेर पडतो, ही वस्तुस्थिती आहे. परंतु नापास झालेली संस्था मोकळी राहते आणि तिची फी भरणारा मुलगा अपात्र ठरतो, या न्यायाला काय म्हणावे?

शाखांच्या निवडीत एक चक्र आहे, आणि निफाड तालुक्यात ते समजावून सांगायला अर्थशास्त्राच्या पुस्तकाची गरज नाही. यंदा कांद्याला भाव आला की पुढल्या हंगामात सगळे कांदाच लावतात. माल एकदम बाजारात येतो आणि भाव कोसळतो. अभियंत्यांचेही तसेच आहे, फक्त पीक तयार व्हायला चार वर्षे लागतात. २०२१ आणि २०२२ मध्ये करोनानंतर सॉफ्टवेअर कंपन्यांनी भराभर भरती केली. ते पाहून पालकांनी संगणक शाखेकडे धाव घेतली, आणि संस्थांनी स्थापत्य व यंत्र शाखांच्या तुकड्या बंद करून संगणकाच्या तुकड्या वाढविल्या. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२० पासून नव्या महाविद्यालयांना परवानगी थांबविली होती, ती २०२३ मध्ये पुन्हा सुरू केली. त्यानंतर चालू संस्थांच्या प्रवेशसंख्येवरील मर्यादाही उठविली. देशातील पदवी जागा पुन्हा पंधरा लाखांच्या घरात गेल्या. त्या वेळी प्रवेश घेतलेली मुले बाहेर पडत असताना कंपन्या माणसे कमी करीत आहेत, आणि प्रारंभीचे संगणकीय काम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून करवून घेत आहेत. कांद्यात तोटा आला तर शेतकरी रोटाव्हेटर फिरवून पुढच्या पिकाची तयारी करतो. बावीस वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तशी सोय नाही.

नाशिकच्या यंत्रउद्योगातही बदल आहेत. सातपूरचा बॉशचा, म्हणजे पूर्वीच्या मायकोचा, कारखाना डिझेल इंजिनाचे इंजेक्टर आणि नोझल यांसाठी प्रसिद्ध. विजेवरची वाहने जसजशी वाढतील तसतसे डिझेलभोवती उभे राहिलेले शेकडो लहान पुरवठादार आणि त्यांच्याकडची नोकरी यांचे काय होणार, याचा विचार जिल्हा पातळीवर कोणी करीत असल्याचे दिसत नाही. हा विचार शासनानेच करावयाचा असतो. बाजार तो करील तेव्हा वेळ निघून गेलेली असेल.

मग ही मुले जातात कोठे? २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या भारतविषयक अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतील बेकारी २९ टक्क्यांच्या वर होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ती साडेतीन टक्क्यांहूनही कमी होती. निरक्षराला बेकार राहणे परवडत नाही, तो मिळेल ते काम धरतो, हा याचा अर्थ आहे. पण शिक्षणावर घातलेल्या पैशाचे काय झाले हेही त्यातून दिसते. पदवीधरांचा मोठा लोंढा स्पर्धा परीक्षांकडे वळला आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर आले. अर्ज करणाऱ्यांत अभियंते पुष्कळ होते. खुल्या वर्गाला एक हजार आणि राखीव वर्गाला नऊशे रुपये शुल्क होते. सर्वांना नऊशे धरले तरी बेकारांच्या खिशातून नव्वद कोटी रुपये गोळा झाले. सातबाऱ्याचा उतारा लिहायला अभियंता लागत नाही. तरीही अभियंत्याने तलाठी व्हावेसे वाटणे यात त्याचा दोष काही नाही; कायम वेतन, रजा आणि मान या तिन्ही गोष्टी देणारा दुसरा मालक त्याला दिसत नाही.

आणि तो मालकही कंत्राटदार होऊ पाहत होता. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासननिर्णयाने राज्य सरकारने खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा मार्ग खुला केला. अतिकुशलापासून अकुशलापर्यंत सर्व पदे त्यात होती. राज्यभर तरुण रस्त्यावर उतरले, ठिकठिकाणी मोर्चे निघाले, आणि ऑक्टोबर संपण्यापूर्वी सरकारला तो निर्णय मागे घ्यावा लागला. गेल्या काही वर्षांत सुशिक्षित बेकारांनी मिळविलेला हा बहुधा एकमेव स्वच्छ विजय आहे. त्यात पक्षांचा वाटा किती आणि मुलांचा किती, हे कार्यकर्त्यांनी आपल्या मनाशी प्रामाणिकपणे तपासून पाहावे.

देशाला अभियंते नकोत म्हणून ही बेकारी आहे, असे कोणी म्हणेल तर त्याला सायखेड्याच्या नदीकाठी आणून उभे करावे. गोदावरीचा पूर १९६९ ला आला, २००८ ला आला, ऑगस्ट २०१९ मध्ये आला. दरवेळी चांदोरी आणि सायखेड्यात पाणी शिरते. खाली नांदूर मधमेश्वरचा बंधारा १९११ च्या सुमारास पुरा झाला. शंभरहून अधिक वर्षांत त्यात साचलेला गाळ आणि मागे चढणारी फूग यांचा निचरा कसा करावा, हा निव्वळ अभियांत्रिकीचा प्रश्न आहे, आणि पाणपक्ष्यांसाठी त्या जलाशयाला २०२० मध्ये रामसरचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाल्याने तो अधिकच नाजूक झाला आहे. नाशिक शहराचे सांडपाणी खालच्या गावांच्या पाण्यात येते. चाळीत साठविलेल्या उन्हाळ कांद्याचा चौथा हिस्सा आणि कधी त्याहून अधिक, सडून किंवा वजनात घटून जातो. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली विकिरण केंद्र उभारले, पण सामान्य शेतकऱ्याच्या चाळीत आजही वारा आणि नशीब हीच दोन साधने आहेत. निफाडच्या सहकारी साखर कारखान्याने अनेक हंगाम बंद राहून काढले. काम एवढे पडलेले असताना ते करू शकणारी माणसे रिकामी आहेत, कारण या कामात कोणा खासगी भांडवलाला नफा दिसत नाही आणि ज्या शासनाने ते करावयाचे ते आपली मंजूर पदेच भरीत नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने अंगमेहनतीच्या कामाची हमी दिली आणि १९७७ साली तिचा कायदा केला. मागेल त्याला काम हे तत्त्व ज्या राज्याने देशाला शिकविले, त्याने पाणी, सांडपाणी, साठवण आणि वीज यांच्या तालुकावार योजनांवर पदवीधरांना नियमित वेतनावर नेमणे काही अशक्यप्राय नाही. प्रत्येक मोठ्या गावाला एक स्थापत्य आणि प्रत्येक बाजार समितीला एक यंत्र अभियंता, एवढी मागणी तरी ग्रामसभेच्या ठरावातून पुढे यावी.

तोपर्यंत करण्यासारखे काम आहे आणि ते गावातच आहे. सर्वांत आधी भ्रम दूर झाला पाहिजे की अभियंता हा कामगार नव्हे. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. कामगारहिताच्या दृष्टीने तीत आक्षेपार्ह पुष्कळ आहे. तीनशे माणसांपर्यंतच्या कारखान्याला कपात आणि बंदी यांची मोकळीक दिली आहे, मुदतबंद नोकरीला राजमान्यता दिली आहे. परंतु तांत्रिक काम करणारा हा कामगाराच्या व्याख्येत पूर्वीही होता आणि आताही आहे. देखरेख करणारा दरमहा अठरा हजारांपर्यंत वेतन घेत असेल तर तोही आहे. नियुक्तीपत्रावर ‘इंजिनिअर’ छापले म्हणून तो व्यवस्थापक होत नाही. प्रत्यक्षात तो काय काम करतो हे पाहिले जाते. मुदतबंद कर्मचाऱ्याला एका वर्षानंतर उपदानाचा हक्क नव्या संहितेने दिला आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याला लेखी नियुक्तीपत्र देणे बंधनकारक झाले आहे. या दोन गोष्टी सायखेड्याच्या किती मुलांना ठाऊक आहेत?

कार्यकर्त्यांनी एक वही घ्यावी आणि गेल्या पाच वर्षांत गावातून पदवी किंवा पदविका घेतलेल्या प्रत्येक मुलामुलीची नोंद करावी. कोठे शिकली, किती खर्च आला, कर्ज किती, आता कोठे आहे, नियुक्तीपत्र कंपनीचे आहे की कंत्राटदाराचे, शिकाऊ उमेदवारी असेल तर तिचा करार सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे काय, भविष्य निर्वाह निधी कापला जातो तो जमा होतो काय, मूळ प्रमाणपत्रे कोणी अडकवून ठेवली आहेत काय. घरोघर जाऊन हे विचारताना प्रथम कोणी नीट उत्तर देणार नाही. आया बोलतील, बापांना वेळ लागेल. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली देशातील दारिद्र्याचा हिशेब मांडला तेव्हा सरकारी आकडेवारी तरी हाताशी होती. सायखेड्याच्या अभियंत्यांची आकडेवारी कोणाकडेच नाही. ती वही तयार झाली तर शैक्षणिक कर्जाच्या पुनर्रचनेसाठी बँकेकडे, खोट्या उमेदवारीविरुद्ध शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे आणि न भरलेल्या निधीसाठी भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडे जाता येईल, आणि जाताना हातात नावे असतील.

येत्या जूनमध्ये बारावीची मुले प्रवेशाचे अर्ज भरतील. त्यापूर्वी पालकांची एक सभा घ्यावी आणि गेल्या दोन तुकड्यांतील चार-पाच मुलांना तीत आपला पगार आपल्या तोंडाने सांगायला लावावा. महाविद्यालयांचे प्रतिनिधी रंगीत पत्रके घेऊन आलेच, तर त्यांनाही त्याच सभेत बसवावे.